कडेचं ताट आत की बाहेर?

सातारा-सांगलीकडे मुलगा इंजिनिअरिंगला लागला की पेढे वाटतात, मेडिकलला लागला की गावजेवण घालतात आणि बी.एस्सी.ला त्यानं स्टॅट घेतलं की घरात बैठक बसते. बैठकीला काका, मामा, शेजारचे निवृत्त हेडमास्तर आणि काही कारण नसताना दूध घालायला आलेला गवळी असे सगळे हजर असतात. "संख्याशास्त्र म्हंजे गणितच की," मामा म्हणतो. "मग गणितच का घेतलं न्हाई?" काका विचारतो. हेडमास्तर जरा माहितगार. ते म्हणतात, "जनगणनेत घेतात अशा पोरांना." त्यावर गवळी शांतपणे म्हणतो, "जनगणना धा वर्सांनी येती. मधली नऊ वर्सं काय करायचं?" मग २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही, हे कुणालातरी आठवतं आणि सगळे मुलाकडे दुखवट्याला आल्यासारखे बघतात.

मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांत या विषयाचा थाट वेगळा असेल. आपल्याकडे गेटवर 'कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय' अशी एकत्र कुटुंबाची पाटी असते आणि संख्याशास्त्र विभाग जिन्याखाली नाहीतर जिमखान्याशेजारी असतो. एका भिंतीपलीकडे मराठीचे सर संतसाहित्य शिकवत असतात, दुसऱ्या भिंतीपलीकडे कॅरमचा स्ट्रायकर आपटत असतो. त्यामुळे पॉयसाँ वितरण शिकता शिकता पोरांच्या कानावर चार अभंगही पडतात, आणि स्ट्रायकरचे आवाज पॉयसाँच्या हिशेबात बसतात का, असा प्रश्न एखाद्या हुशार मुलीला पडतो. मुलीलाच पडतो, कारण मुलगा तोवर कॅरम खेळायला गेलेला असतो.

या कॉलेजांचं मूळ शोधायला गेलं तर एक गमतीचं साल हाती लागतं. १९१९ साली भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि त्याच साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू केलं. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे स्टॅटच्या पहिल्याच वर्षात शिकवतात. पण त्या सालापासून जे सुरू झालं त्याचा परिणाम असा, की आज या दोन जिल्ह्यांत एसटीतून जवळजवळ कुठंही उतरलं तरी पदवी चालत जाण्याच्या अंतरावर मिळते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि पेपर पुण्याऐवजी कोल्हापूरहून येऊ लागले. अवघडपणात पडलेला फरक पाच टक्क्यांच्या पातळीवर लक्षणीय नव्हता, असं जुनी माणसं सांगतात.

आता वर्गाविषयी. नमुना तीसच्या पुढे गेला की त्याला मोठा म्हणावं, असं पुस्तकात असतं. आपल्याकडचा शेवटच्या वर्षाचा स्टॅटचा वर्ग हा जन्मभर छोटा नमुना. पटावर नऊ जण. त्यांतले दोघे एमपीएससीच्या अभ्यासिकेत, एक तासगावला घरच्या द्राक्षबागेच्या छाटणीवर. उरलेल्या सहांसमोर सरांना 'मोठ्या संख्यांचा नियम' सिद्ध करायचा असतो. सहांतल्या एकानं जांभई दिली तर जवळजवळ सतरा टक्के वर्ग कंटाळला, असा त्याचा अर्थ. मोठ्या वर्गाच्या शिक्षकाला हे दुःख कधी कळणार नाही.

छोट्या नमुन्यांचं कोडं ज्यानं सोडवलं तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनीज कंपनीच्या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. आपल्या माणसांनी स्वतःच्या नावानं संशोधन छापलेलं कंपनीला चालत नसे, म्हणून १९०८ साली त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं निबंध लिहिला. त्यावरूनच 'स्टुडंट्स टी' हे नाव आलं. आपले सर वर्गात बिअर हा शब्द उच्चारत नाहीत. ते म्हणतात, "एका कारखान्यात." या भागातल्या पोराला कारखाना म्हटलं की एकच कारखाना दिसतो, ज्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. त्यामुळे गॉसेट हा कुठल्यातरी सहकारी साखर कारखान्यात चिटबॉय असावा, अशा समजुतीत कित्येक पोरं पास होऊन गेली. चेअरमनच्या धाकानं माणूस टोपणनावानं लिहितो, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शिवाय साखर कारखान्यालाही बऱ्याचदा डिस्टिलरी जोडलेली असते, म्हणजे समजूत तशी फार लांबची नाही.

प्रॅक्टिकलला नाणं शंभर वेळा उडवून छापा-काटा नोंदवायचा असतो. शंभर वेळा कुणी उडवत नाही. दहा-बारा वेळा उडवतात, मग नाणं बाकाखाली घरंगळतं, मग त्या नाण्याचा वडापाव होतो आणि उरलेले आकडे डोक्यातून येतात. अशी डोक्यातली नोंद ओळखायची एक सोपी खूण आहे : तिच्यात एकापाठोपाठ सहा छापे कधीच येत नाहीत. खरं नाणं बेशरम असतं, शंभरात ते सलग सहा काय, सातही देऊन जातं. पोरं मात्र घरंदाज. तीन छापे झाले की त्यांना कसंतरी होतं आणि ती काट्याला संधी देतात. वाटाण्यांवरून आनुवंशिकता शोधणाऱ्या मेंडेलचे आकडे तपासून रोनाल्ड फिशरनं १९३६ साली म्हटलं होतं, की हे जरा जास्तच बरोबर आहेत. हा फिशर आपल्याकडे एक्स्टर्नल म्हणून आला असता तर एकही जर्नल वाचलं नसतं. सुदैवानं आपला एक्स्टर्नल शेजारच्या तालुक्यातून येतो आणि त्याला साडेचारची एसटी गाठायची असते.

पण या विषयाची खरी गंमत तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला. तोवर आकडे फळ्यावरून यायचे, आता ते माणसांकडून आणायचे असतात. माणसं म्हणजे खटावची, जतची, पाटणची माणसं. पोरगं प्रश्नावलीचे कागद घेऊन एका दारात उभं राहतं आणि ओसरीवरच्या म्हातारीला पहिला प्रश्न विचारतं : "आजी, घरात माणसं किती?" पुस्तकाच्या मते यापेक्षा सोपा प्रश्न नाही. म्हातारीच्या मते यापेक्षा अवघड नाही.

"जेवायला किती, का रेशन कार्डावर किती, का मतदानाला किती?"

तिचं बरोबर असतं. थोरला मुंबईला माथाडीत. मधला गलाईच्या धंद्यात, म्हणजे विट्याकडच्या कुणाबरोबर तरी तामिळनाडूत सोनं-चांदी गाळतो. धाकटा पुण्याला. एक सून बाळंतपणाला माहेरी, दुसरी मुंबईत, पण तिचं नाव अजून इथंच. जेवायला म्हातारी एकटी, कार्डावर अकरा, जत्रेला चौदा. कागदावर मात्र एकच चौकट असते आणि तिच्यात एकच आकडा मावतो. जनगणनेचे मोठमोठे अधिकारी ज्या प्रश्नावर नियम करून ठेवतात, तो म्हातारीनं दारातच तीन भागांत फोडून दिलेला असतो.

दुसरा प्रश्न विचारायचा राहूनच जातो, कारण आता प्रश्न तिचे सुरू होतात. कुणाचा रं तू? गाव कंचं? आजोळ कुठलं? मग त्या अमक्याचा तू कोण लागतोस? हे शिकून पगार किती पडंल? लगीन ठरलंय का? अर्ध्या तासानं तिच्याकडे पोराची समग्र माहिती जमा झालेली असते आणि पोराकडे चहाची रिकामी कपबशी. प्रतिसादाचं प्रमाण शंभर टक्के, फक्त उलट्या दिशेनं.

गडीमाणसांचं वेगळंच. "एकरी ऊस किती निघतो?" हा प्रश्न कट्ट्यावर चार माणसांत विचारला तर उत्तर येतं, "शंभर टनाच्या आत आमी मोजतच न्हाई." तोच प्रश्न त्याच माणसाला पोराच्या वसतिगृहाची फी भरताना विचारा : "कुटला वो, चाळीसबी न्हाई पडला औंदा." दोन्ही वेळा तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. प्रश्न कोण विचारतंय आणि ऐकायला कोण बसलंय, हे पाहून तो आकड्यात आपल्या परीनं दुरुस्ती करतो. पुस्तकात अशा दोषाला भारदस्त नाव आहे. कट्ट्यावर त्याला माणूसज्ञान म्हणतात.

आणि लोकांना आकडे कळत नाहीत, असं तर मुळीच समजू नये. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के साखर उतारा धरून ठरते. त्याच्यावरच्या दर दशांशाला टनामागं किती पैसे वाढतात, हे वाळवा तालुक्यातला दहावी नापास माणूस तोंडी सांगतो, आणि कारखान्यानं उतारा कमी का दाखवला यावर आपलं अनुमानही मांडतो. ऑगस्टमध्ये सांगलीत या. अख्खं शहर कालश्रेणीच्या अभ्यासाला बसलेलं असतं. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं, हे विचारणाऱ्या "आयर्विनला किती?" या प्रश्नाला फुटा-इंचांत उत्तर येतं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, ते कराडला कधी आणि हरभट रोडवर कधी पोचणार, याचा अंदाज किराणा दुकानदार सुटे पैसे देता देता सांगतो. पंचेचाळीस फुटांना धोका, हे इथल्या लहान मुलाला पाढ्याच्या आधी येतं. तरी या शहाण्या शहरालाही नदीनं एक धडा शिकवला. २००५ च्या पुरात पाणी साधारण चोपन्न फुटांवर गेलं. लोकांनी भिंतीवर खुणा केल्या आणि त्या खुणेच्या वर सामान ठेवलं की झालं, असं मानून चालले. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढं गेलं. आजवर पाहिलेलं सर्वांत मोठं म्हणजे होऊ शकणारं सर्वांत मोठं नव्हे, हे परीक्षेत दोन मार्कांना येतं. सांगलीकरांना ते गाद्या वाळत घालताना आलं.

सरासरी या वस्तूचं आपल्याकडे जे होतं ते तर बघण्यासारखं आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, दहिवडीत पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, सातारा. आता या दोहोंची सरासरी काढून ती माणच्या शेतकऱ्याला सांगून बघा. तो म्हणेल, "ह्यो सरासरीचा पाऊस कुटं पडतो तेवढं दावा, तिथं चार गुंठं घेतो." सांगलीतही शिराळा भिजून चिंब आणि आटपाडी टँकरची वाट बघत असते. प्रमाण विचलन म्हणजे काय ते शिकायला या दोन जिल्ह्यांतल्या मुलांनी खरं तर पुस्तक उघडू नये, एसटीचा पास काढावा.

कदाचित म्हणूनच असेल, या विषयातली दोन मोठी माणसं सातारा जिल्ह्यातलीच निघाली आणि भांडली ती सरासरीवरूनच. विनायक महादेव दांडेकर साताऱ्यात १९२० साली जन्मले. काय-वर्ग चाचणीच्या धड्यात येट्सच्या दुरुस्तीशेजारी एक 'दांडेकर दुरुस्ती' असते. पोरं ती परीक्षेला ऑप्शनला टाकतात, आणि हा माणूस आपल्याच गावचा, हे त्यांना कुणी सांगत नाही. दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. ते १९११ साली जन्मले खटाव तालुक्यातल्या बुध गावात, आपल्या म्हातारीच्याच मुलखात. फर्ग्युसनमधून लंडनला गेले आणि डॉक्टरेट घेऊन आले. आल्यावर पंडित मदनमोहन मालवीयांची गाठ पडली, तेव्हा त्यांनी विचारलं, हे जे शिकून आलात त्याचा गरिबांना काय उपयोग, अशी आठवण सांगितली जाते. लंडनची डॉक्टरेट असो नाहीतर जिन्याखालची बी.एस्सी., बैठक कुणालाच चुकत नाही.

सुखात्म्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला शेत निवडलं. दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत १९४० पासून ते देशातलं पीक मोजायच्या मागे लागले. सगळ्या शेतांची कापणी करून वजन करणं शक्य नाही. म्हणून काही शेतं निवडायची, त्यांतला एक तुकडा आखायचा, तेवढाच कापून मळून तोलायचा आणि त्यावरून जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं. तुकडा केवढा, यावर वाद झाला. कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस छोट्या वर्तुळांच्या बाजूचे. छोटं वर्तुळ लवकर कापून होतं, जास्त शेतं होतात. सुखात्म्यांनी उत्तरेकडच्या गव्हाच्या शेतांत लहान-मोठे तुकडे कापून पाहिले, आणि वर्तुळ जितकं लहान तितकं पीक जास्त, असं निघालं. १९४६ साली त्यांनी हे 'नेचर'मध्ये छापलं.

कारण काय? छोट्या वर्तुळाला पोटाच्या मानानं कड फार. कडेवर उभं असलेलं रोप आत धरायचं की बाहेर? नियम असतो, पण विळा माणसाच्या हातात असतो, आणि तो हात आत ओढतो. ज्या माणसानं वर्ताळा घेतल्याशिवाय कधी पिशवीचं तोंड बांधलं नाही, तो कडेचं ताट सोडून देईल? लाच नाही, लबाडी नाही, नुसता हात सैल. आणि तेवढ्यानं कागदावर जिल्ह्याची कोठारं फुगतात. महालनोबिसांच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं, की त्यांची माणसं त्यांनी स्वतः शिकवून तयार केलेली होती. सुखात्म्यांना हेच काम करून घ्यायचं होतं महसूल खात्याच्या आहे त्या माणसांकडून, म्हणजे आपल्या भाषेत तलाठ्याकडून. तलाठी डोळ्यांपुढे ठेवून सिद्धांत मांडणारा गणिती जगात विरळाच. माझं मत विचाराल तर इथं खटाव तालुका कामी आला.

पुढं १९५१ ते १९७० सुखात्मे जागतिक अन्न आणि शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. इकडं दांडेकरांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून नीळकंठ रथांबरोबर १९७१ साली भारतातल्या गरिबीवर पुस्तक लिहिलं. माणशी रोज २,२५० कॅलरी हा हिशेब धरून त्यांनी म्हटलं, की खेड्यातली सुमारे ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं दारिद्र्यरेषेखाली आहेत. सुखात्म्यांना तो हिशेब पटला नाही. त्यांचं म्हणणं, सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? माणसागणिक गरज वेगळी, आणि एकाच माणसाचं खाणंही रोज सारखं नसतं. रेषा सरासरीवर नव्हे, तिच्या बरीच खाली ओढली पाहिजे. दांडेकरांनी उत्तर दिलं, सुखात्म्यांनी प्रत्युत्तर दिलं, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त हा वाद रंगला. एकाच जिल्ह्यात जन्मलेली दोन माणसं, देशात उपाशी किती यावर, इंग्रजीतून आणि ग्रीक अक्षरं वापरून भांडली. पाणंदीच्या वादात जन्मलेल्या मुलखाला याचं काही विशेष वाटलं नाही. ओसरीवरच्या म्हातारीला दोघांचंही पटलं असतं. ती एकादशीला वाटीभर भगरीवर राहते आणि जत्रेला तिसरी पुरणपोळी घेते. फक्त ती भगर कधी उपवासाची असते आणि कधी नाइलाजाची, हे कागदावर कसं उतरवायचं, याच्यावरच तर सगळा वाद होता.

कापणी प्रयोग अजून चालतात. आता त्यावर पीकविम्याचे पैसे ठरतात, पैसेवारी ठरते, म्हणजे गाव दुष्काळी की नाही ते ठरतं. जिन्याखालच्या त्या सहांतला एखादा पुढं परीक्षा देऊन कृषी खात्यात लागतो आणि टेप, खुंट्या, सुतळी, तराजू घेऊन बांधावर येऊन उभा राहतो. दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा. कुठं आखायचा हे आपण ठरवायचं नाही. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात उभं राहायचं, यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून दोन आकडे घ्यायचे, तितकी पावलं लांबीत, तितकी रुंदीत चालायचं आणि जिथं पाय थांबेल तिथं खुंटी ठोकायची.

शेतकरी तोवर बांधावर आलेला असतो. कृषी खात्याच्या पीक स्पर्धेसाठी आलात असं वाटलं तर तो पाटाकडेची ज्वारी दाखवतो, पुरुषभर उंचीची. विम्यासाठी आलात असं कळलं की त्याच रानातला खडकाळ कोपरा दाखवतो आणि टोपी काढून हातात घेतो. पोरगं सांगतं, "काका, मला निवडता येत न्हाई. तक्त्यात आकडा येईल तिथंच." सतरा पावलं तो चालतो. सतराव्या पावलाला नेमकी भरघोस ज्वारी लागते. काका खवळतात.

"आकडा कुणी काडला ह्यो?"

"कुणी न्हाई. तक्ता आहे तसा."

"तक्ता कुणाच्या गटाचा?"

हा प्रश्न या भागात चावट नाही. सोसायटी, दूध डेअरी, बाजार समिती, कारखाना, पतसंस्था यांत गट नसलेली वस्तू अजून कुणी पाहिलेली नाही. पोरगं बी.एस्सी.ला शिकलेलं आठवून सांगतं, की पहिला असा तक्ता १९२७ साली टिपेट नावाच्या विलायती माणसानं केला. जनगणनेच्या अहवालांतले आकडे उचलून त्यानं एक्केचाळीस हजार सहाशे अंक एका रांगेत मांडले, कुणाचा कुणाशी संबंध नाही असे.

काका जरा विचार करतात.

"त्याचं आपल्या सोसायटीत मतदान हाय का?"

"न्हाई."

"मग ठोक खुंटी. पर ते कडंचं ताट भाईर धर."